डोळ्यांचा आधार न घेता सांगितलेली गोष्ट

मार्कस सेजविक या इंग्रज लेखकाची ‘शी इज नॉट इन्व्हिजिबल’ ही किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली. नुकतीच मी ती दुसऱ्यांदा वाचली आणि या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचली, कारण पहिल्या वाचनात एक गोष्ट माझ्या फारच उशिरा ध्यानात आली होती. कादंबरीची निवेदिका जन्मांध आहे आणि तिच्या निवेदनात रंग, उजेड, चेहरे यांचे वर्णन कुठेही येत नाही. जिथे जिथे काही ‘दिसते’ तिथे खूण करायची असे ठरवून मी बसलो होतो. ज्या थोड्या खुणा झाल्या, त्या सगळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडच्या वाक्यांवर होत्या.

कथानक थोडक्यात असे. सोळा वर्षांच्या लॉरेथचे वडील लेखक आहेत आणि योगायोग या विषयाने त्यांना पुरते झपाटले आहे. ते युरोपात असायला हवेत, पण त्यांची टिपणवही न्यू यॉर्कमध्ये सापडल्याचा निरोप येतो. आईला याची फारशी काळजी वाटत नाही, म्हणून लॉरेथ सात वर्षांच्या बेंजामिनला, आपल्या धाकट्या भावाला, बरोबर घेऊन परस्पर लंडनहून विमानाने निघते. आपण अंध आहोत हे कळले तर आपल्याला अडवतील, हे ओळखून ती विमानतळावर ते लपवते.

हे लपवणेच मला कादंबरीचा गाभा वाटते. अंध व्यक्तिरेखा म्हटली की आपल्या मनात दोन साचे तयार असतात: एक दयेचा आणि दुसरा अलौकिक श्रवणशक्तीचा किंवा अंतर्दृष्टीचा. लॉरेथ या दोन्हींत बसत नाही. ती खोटे बोलते, घाबरते, भावावर चिडते, चुकीचे अंदाज बांधते आणि तरीही पुढे जाते. कान तिच्या उपयोगी पडतात, पण ते ऐकण्याच्या सवयीमुळे, चमत्कारामुळे नव्हे. समोरचा माणूस हात पुढे करून थांबला असेल तर तिला ते कळायला मार्ग नसतो, आणि नेमक्या अशा क्षणांनी या पुस्तकात ताण निर्माण होतो. लेखकाने लिहिण्यापूर्वी अंध विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या मुलामुलींशी बोलून घेतले होते, हे अशा जागी जाणवते.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते त्या वहीने. संगणकावरचा किंवा स्कॅन केलेला छापील मजकूर स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर मोठ्याने वाचून दाखवू शकते, ब्रेल लिपीतला मजकूर बोटांनी वाचता येतो. वडिलांच्या हस्ताक्षरातली वही मात्र लॉरेथला बंद आहे. जिच्यात वडिलांचा माग दडलेला आहे ती वस्तू तिच्याच हातात आहे, आणि ती उघडायला तिला सात वर्षांच्या मुलाचे डोळे लागतात. बेंजामिन तिला रस्त्याने नेतो आणि वाचून दाखवतो, निर्णय मात्र तिला घ्यावे लागतात, शिवाय त्याची भूक, झोप आणि भीती हीसुद्धा तिलाच सांभाळावी लागते. कोण कोणाला सांभाळते आहे, याचे उत्तर दर काही पानांनी बदलत जाते. अंध मुलीला ‘स्वावलंबी’ दाखवण्याच्या उत्साहात लेखक अनेकदा तिच्याभोवतीची माणसेच पुसून टाकतात. सेजविक तसे करत नाहीत, आणि आधार घेतल्यामुळे लॉरेथ कुठेही लहान होत नाही.

पुस्तकात उणिवा आहेत. वहीतल्या पानांवर मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग आणि भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांच्यापर्यंत पोचणारी योगायोगाची चर्चा मला स्वतंत्रपणे रंजक वाटली, पण तिच्यामुळे मधला भाग रेंगाळतो, आणि रहस्याची उकल वाचकाने धरलेल्या अपेक्षेच्या मानाने फिकी आहे. केवळ रहस्यकथा म्हणून मी हे पुस्तक कोणाला सुचवणार नाही.

दुसरे वाचन संपल्यावर मी घरातल्या एकाला पहिली काही प्रकरणे मोठ्याने वाचायला सांगितली आणि स्वतः डोळे मिटून ऐकत बसलो. डोळे मिटल्याने अंधत्व कळते असा माझा दावा नाही. मला फक्त गद्य तपासायचे होते. एरवी कादंबरी ऐकताना मी मनात सतत चित्र जुळवत असतो, खोलीत कोण कुठे उभे आहे हे ठरवत असतो. या वेळी माणसे त्यांच्या आवाजाने आली, जागा त्यांच्यातल्या अंतराने उलगडल्या, आणि बेंजामिनचा हात सुटला त्या वाक्यापाशी, पुढे काय होणार हे ठाऊक असूनही, मी नकळत आपला हात पुढे केला.