तहसीलातला सपोर्ट इंजिनिअर आणि दर टेंडरला शून्यापासून सुरुवात

तहसीलला आयटी सपोर्टला आहे म्हणलं की गावाकडं सगळ्यांना वाटतं पोरगं सरकारी नोकरीत लागलं. तसं नाहीये. काम सरकारचं, खुर्ची सरकारची, हजेरीवर सही नायब तहसीलदारांची, पण पगार ठेकेदार कंपनीचा, आणि टेंडर संपलं की ती कंपनी बदलते. त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आता जून आलाय आणि परत तेच डोळ्यासमोर चाललंय म्हणून लिहितोय.

जून म्हणजे आमच्याकडं काय असतं ते तालुक्याला काम केलेल्यालाच माहीत. पीककर्जासाठी सातबारा आणि आठ अ पाहिजे, पोरांच्या ॲडमिशनला उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर पाहिजे, आणि त्यातच एप्रिल-मेमध्ये बदल्या होऊन गेलेल्या असतात त्यामुळं अर्धे तलाठी सज्जावर नवीन, त्यांचे युजर नवीन सज्जाला जोडायचे, लॅपटॉप सेट करून द्यायचे, आणि बाहेर तर रांग लागलेलीच असते.

लोक म्हणतात सातबारा तर आता मोबाईलवर निघतो, मग तहसीलात काय काम राहिलं? बरोबर आहे, 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, 15 रुपये भरायचे, त्याला तलाठ्याचा वेगळा सही-शिक्का लागत नाही. पण त्या सातबाऱ्यावर नाव चढतं ते फेरफारातून. खरेदी असो नाहीतर वारस नोंद, आधी तलाठी नोंद धरणार, नोटीस निघणार, हरकतीचे 15 दिवस जाणार आणि मग सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, ती प्रमाणित करणार, स्वतःच्या नावाच्या डीएससीनं, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या डोंगलमधल्या डिजिटल सहीनं. म्हणजे सगळी गाडी शेवटी एका डोंगलवर येऊन थांबते. डोंगल चाललं नाही तर नोंद अडकली, नोंद अडकली तर सोसायटीचं कर्ज अडकलं.

परवाचंच सांगतो. सर्कल साहेबांचा फोन, "अरे बघ जरा, सर्व्हर डाउन आहे वाटतं, साइटच उघडंना." गेलो तर टेबलासमोर एक आजी बसलेल्या, मालक वारल्यावर वारस नोंद टाकलेली, सकाळच्या एसटीनं आलेल्या. शेजारच्या तालुक्यातल्या मित्राला व्हॉट्सॲपवर विचारलं तर त्याच्याकडं साइट सुरळीत. लाइन बघितली, गेटवे पिंग होतोय, म्हणजे नेट चालू. मग नजर गेली कोपऱ्यातल्या घड्याळाकडं, मशीनची तारीख कितीतरी वर्षं मागं गेलेली. रात्री लाइट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या उतरलेल्या, आणि मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सेल संपलेला, त्यामुळं मशीनची लाइट गेली की तारीख मागं जाते. तारीख चुकली की ब्राउझर कुठलीच सुरक्षित साइट उघडत नाही आणि डीएससीचं सर्टिफिकेटपण त्याला चालत नाही, त्याच्या हिशोबानं त्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नसते. सेल पन्नास रुपयांच्या आतला. बसस्टँडसमोरच्या घड्याळवाल्याकडून आणला, टाकला, तारीख लावली, डोंगल मागच्या पोर्टला लावलं (पुढच्या पोर्टला जुन्या मशीनवर भरवसा नसतो), सही झाली. आजी विचारतात, "लागलं का रं बाळा माझं नाव?" लागलं म्हणलं आजी. मला या कामात जीव लावावासा वाटतो तो याच्यासाठीच.

आता हे तिकिटात, म्हणजे कंपनीच्या पोर्टलवरच्या तक्रारीच्या नोंदीत, कसं गेलं? "वेबसाइट इश्यू, रिझॉल्व्ह्ड." बास. सेलचा उल्लेख नाही, यूपीएसचा नाही, आणि सेल कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या सामानात, येतो म्हणून करारात बसत नाही, तो खिशातून. कंपनीचा डोळा एसएलएवर, म्हणजे करारात ठरलेल्या वेळेवर, तिकीट वेळेत बंद झालं नाही तर बिलातून दंड कापतात, मग सगळा जोर तिकीट बंद करण्यावर. मशीन परत दुसऱ्या दिवशी बंद पडलं तर नवीन तिकीट, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही वेळेत बंद झालेली दिसतात.

आणि खरी अडचण कंपनी बदलते तेव्हा येते. जुनी कंपनी जाताना तिचं हेल्पडेस्क पोर्टल तिच्याबरोबर जातं, सगळी जुनी तिकिटं गायब. नवीन कंपनी येते, परत सगळ्या मशीनवर नवे स्टिकर, परत यादी, परत तेच प्रश्न. कुठल्या मंडळाच्या ऑफिसची केबल कुठून आलीय, रस्ता खोदला की कुणाची लाइन पहिली तुटते, रेकॉर्ड रूममागचा नेटवर्कचा स्विच कुठल्या डब्यात बसवलाय, कुणाच्या डीएससीची मुदत कधी संपते, हे कुठंच लिहिलेलं नसतं, ते तिथं काम करणाऱ्या पोराच्या डोक्यात असतं. आणि त्या पोराला नवीन कंपनी ठेवेल का ते 31 मार्चपर्यंत त्यालाच माहीत नसतं. ठेवलं तरी पीएफचा यूएएन नंबर तेवढा जुना, बाकी नवीन जॉइनिंग, पीएफ ट्रान्सफर करत बसा, अनुभव शून्य धरून पगार ठरणार. ग्रॅच्युइटीला सलग नोकरी मोजतात, आमची दर टेंडरला तुटते. माझ्याबरोबरचे दोन चांगले पोरं असेच वैतागून पुण्याला निघून गेले, आणि त्यांचे तालुके नंतर कसे चालले ते आम्ही ग्रुपवर बघत होतो, रोज तेच प्रश्न, ज्यांची उत्तरं त्या दोघांना तोंडपाठ होती.

6 सप्टेंबर 2023 ला शासनानं 9 एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता, त्यावर राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. तेव्हा आरक्षणावर बोललं गेलं, कायम नोकरीवर बोललं गेलं, आणि ते बोलायलाच पाहिजे होतं. पण ठेका बदलला की ऑफिसचं शहाणपण कुठं जातं, यावर कुणी बोललेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

माझं मागणं फार नाही. टेंडरमध्येच लिहा की तिकिटांचा सगळा डेटा ऑफिसच्या मालकीचा, जाणाऱ्या कंपनीनं तो देऊनच शेवटचं बिल उचलायचं. जुनी आणि नवी कंपनी महिनाभर एकत्र काम करेल असं लिहा. त्या जागी काम केलेल्या माणसाला पहिलं विचारायचं आणि त्याचा अनुभव धरायचा हेपण लिहा. आणि सेल, केबल, कनेक्टर असल्या किरकोळ सामानाला तहसील स्तरावर थोडी रक्कम ठेवा, शंभर रुपयाच्या वस्तूसाठी जिल्ह्याच्या मंजुरीची वाट बघत शेतकरी बसवून ठेवू नका.

तोवर मी एक रजिस्टर घातलंय. साधी लांबट वही, मशीनवार एक पान, त्यात सेल कधी बदलला, यूपीएसची बॅटरी कधीची, लाइन कुठून कुठं, डीएससी कुणाची कधी संपते. नायब तहसीलदार मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या हे ऑफिसच्या दप्तरात घेऊ, तुझी कंपनी राहो न राहो. दुसऱ्या तालुक्यात कुणी असं काही ठेवत असेल तर रकाने कसे पाडलेत ते सांगा, माझ्यात प्रिंटरचा भाग अजून नीट बसलेला नाही.