तुम्ही विचारलंत म्हणून: कागदांतला स्क्वायर बून

पेनसिल्व्हेनियातले मराठी स्नेही आणि पुण्याहून येणारे नातेवाईक मला एक प्रश्न नेहमी विचारतात. ज्याच्याशी तुमचे नाते नाही, गाव नाही, धर्म नाही, अशा तीनशे वर्षांपूर्वीच्या एका गोऱ्या शेतकऱ्याचे आयुष्य तुम्ही जुन्या दस्तांवरून जुळवत बसता. पण त्या कागदांतून तो माणूस खरोखर कळतो किती? माझे उत्तर असे आहे की बऱ्यापैकी कळतो, मात्र जमिनीचे दस्त, धर्मसभेची इतिवृत्ते आणि घरची टिपणे शेजारी-शेजारी ठेवून वाचली तरच. त्यांतला एकच गठ्ठा वाचला तर भलताच माणूस उभा राहतो, आणि तो इतका पटण्यासारखा असतो की पुढे कोणी शंकाही घेत नाही.

हा शेतकरी म्हणजे स्क्वायर बून. केंटकीच्या जंगलातल्या धाडसांमुळे अमेरिकेतल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असलेल्या डॅनियल बूनचा तो बाप. मुलाबद्दल एवढे लिहिले गेले आहे की माझ्यासारख्या हौशी माणसाने त्यात भर घालण्याचे कारण नाही. बाप मात्र बहुतेक चरित्रांत पहिल्या प्रकरणापुरता येतो आणि जातो. स्क्वायर हे त्याचे पाळण्यातले नाव होते, पदवी नव्हे. त्याच्या एका मुलाचेही नाव स्क्वायर होते आणि बायको व थोरली मुलगी या दोघींचे नाव सारा. त्यामुळे नाव सापडले की काम संपत नाही, तिथून ते सुरू होते.

घरची टिपणे हा यातला सर्वांत सुखाचा भाग. स्क्वायरचा धाकटा भाऊ जॉन बून १७८५ साली वारला. त्याला माहीत असलेली घराण्याची हकीकत त्याच्या जेम्स नावाच्या पुतण्याने मार्च १७८८ मध्ये नीट लिहून काढली. जेम्सला गणिताची आवड होती आणि ती त्याच्या लेखनात दिसते, कारण तारखा देताना तो जुनी कोणती आणि नवी कोणती हे सांभाळतो. त्याच्या नोंदींप्रमाणे स्क्वायरचा जन्म २५ नोव्हेंबर १६९६ चा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. त्याचे वडील जॉर्ज बून हे तिथल्या ब्रॅडनिंच गावचे विणकर. त्यांनी आधी तीन थोरली मुले पेनसिल्व्हेनियात पाठवली, त्यांत स्क्वायर होता. मग १७१७ साली उरलेले कुटुंब घेऊन ते स्वतः फिलाडेल्फियाला उतरले.

जुन्या-नव्या तारखांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. १७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यात बून ज्या ख्रिस्ती पंथाचे होते ती क्वेकर मंडळी जानेवारी, मार्च ही नावे वापरत नसत, कारण ती त्यांना परक्या देवतांची वाटत. ती महिन्यांना पहिला, दुसरा असे क्रमांक देत आणि मार्च हा पहिला महिना धरत. स्क्वायर आणि सारा मॉर्गन यांचा विवाह पेनसिल्व्हेनियातल्या ग्विनेड गावच्या क्वेकर सभेत १७२० सालच्या सातव्या महिन्याच्या २३ तारखेला झाला, म्हणजे सप्टेंबरात. कितीतरी छापील वंशावळींत मात्र तो जुलैत झालेला आढळतो. विवाहाचा दाखला पाहिला तर आणखी एक गोष्ट हाती लागते. क्वेकर विवाहात पुरोहित नसतो. वधूवर सभेसमोर उभे राहून स्वतःच वचन देतात आणि जमलेली माणसे साक्षीदार म्हणून सह्या करतात. म्हणून असा दाखला म्हणजे त्या दिवशी तिथे कोण कोण होते याची यादीच असते. शेजारी, व्याही, दूरचे चुलते, सगळे एका कागदावर सापडतात.

जमिनीकडे वळल्यावर मराठी माणसाला सातबाऱ्याची फार आठवण येते. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार, फेरफाराचा क्रमांक हे सगळे आपल्याकडे एका उताऱ्यात मिळते. पेनसिल्व्हेनियात तसे काहीच नव्हते. तिथे आधी वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याच्या जमीन कचेरीत अर्ज, मग मोजणीचे वॉरंट, मग मोजणीदाराचा नकाशा आणि शेवटी पेटंट, म्हणजे सनद, असा क्रम असे. हे मूळचे कागद आता हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. पुढची खरेदीखते मात्र परगण्याच्या नोंदणी कचेरीत पाहावी लागतात, आणि ती वेळेवर नोंदवण्याची घाई कोणाला नसे. बापाचे खरेदीखत मुलाने जमीन विकताना नोंदवलेले आढळते. हद्दी सांगायच्या त्या पांढऱ्या ओकपासून हिकरीच्या झाडापर्यंत, तिथून दगडांच्या ढिगाऱ्यापर्यंत, अमुक अंशाने इतके पर्च. एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट. झाडे केव्हाच गेली, त्यामुळे एकट्या तुकड्याचा नकाशा काढून तो कुठे बसवायचा ते कळत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची खरेदीखते काढून सगळे तुकडे कडेला कड लावून जुळवले, की मधली जागा आपल्या माणसाची ठरते. या कामात माझ्या सुट्ट्या किती गेल्या ते घरच्यांना विचारू नये.

शिवाय जागा तीच राहते आणि तिचा पत्ता बदलतो. स्क्वायरने १७२८ साली बक्स परगण्यातल्या न्यू ब्रिटन इथे १४७ एकर घेतले आणि १७३० साली ओलीमध्ये २५० एकर. ओलीतली ही जमीन तेव्हा फिलाडेल्फिया परगण्यात होती. १७४१ मध्ये ओलीतून एक्झेटर ही वेगळी टाउनशिप, म्हणजे परगण्याचा पोटविभाग, निघाली आणि १७५२ मध्ये बर्क्स हा नवा परगणा झाला. म्हणून आज बर्क्समध्ये असलेल्या या शेताचे जुने दस्त बर्क्सच्या कचेरीत शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. त्या दस्तांच्याही आधी त्या जमिनीचा एक इतिहास आहे, आणि तो बून घराण्याच्या कागदांत नाही. जॉर्ज बूनने ओलीत ४०० एकरांचे वॉरंट घेतले ते १७१८ साली. त्याच वर्षी सासूनन आणि तिथल्या मूळ रहिवासी लेनापी लोकांच्या इतर मुख्यांकडून डेलावेअर व सस्क्वेहाना या नद्यांमधल्या भूभागावरचा हक्क सोडल्याचा लेख करून घेण्यात आला होता. बूनांच्या मालकीची सुरुवात त्या लेखापासून धरावी लागते.

खरेदीखतांवरून क्षेत्र कळते, शेती कळत नाही. स्क्वायर शेतीबरोबर विणकाम करी. पाच-सहा माग चालत आणि घरापासून काही मैलांवर चराऊ रान होते, तिथे उन्हाळ्यात सारा आणि लहानगा डॅनियल गुरे घेऊन राहत, हे कुटुंबाच्या आठवणींतून आले आहे. लायमन ड्रेपर या इतिहास-संग्राहकाने १८५१ साली डॅनियलचा धाकटा मुलगा नेथन याच्याकडून बून घराण्याच्या अशा पुष्कळ आठवणी लिहून घेतल्या. शंभर वर्षांनंतर नातवाने सांगितलेली गोष्ट मी एरवी बेताने घेतली असती, परंतु १७४० च्या दशकात स्क्वायरने दूरचे २५ एकर चराऊ रान विकत घेतल्याचा आधार आहे, त्यामुळे इथे आठवण आणि व्यवहार एकमेकांना धरून आहेत.

आता सभेच्या वह्यांविषयी. क्वेकरांची कामकाजाची सभा महिन्यातून एकदा भरे. बूनांची सभा आधी ग्विनेडची आणि १७३७ पासून ओलीची, जी पुढे एक्झेटरची म्हणून ओळखली जाऊ लागली. सभेचा कारकून ठराव लिही, आणि ठराव व्हायला बहुधा काहीतरी खटकलेले असावे लागे. ज्या वर्षी शेतकरी वेळेवर पेरतो, वेळेवर कापतो आणि रविवारी गुपचूप येऊन बसतो, त्या वर्षी वहीत त्याचे नाव नसते. त्यामुळे एखादा माणूस सतत तंट्यातच होता असा या वह्यांवरून समज होतो, तो वहीच्या स्वभावामुळे.

बूनांच्या घरात खटके उडाले ते मुलांच्या लग्नांवरून. समाजाबाहेर लग्न करणे हा क्वेकर शिस्तीत मोठा दोष होता आणि आईबापांनी त्याला संमती देणे हाही. १७२० साली जॉर्ज बूनने स्वतःच्या मुलीच्या बाबतीत अशी संमती उतावीळपणे दिल्याचे ग्विनेडच्या सभेत कबूल केले होते. १७४२ मध्ये तीच वेळ स्क्वायरवर आली. थोरली सारा जॉन विलकॉक्सन या क्वेकर नसलेल्या तरुणाशी लग्न करून मोकळी झाली. सभेची माणसे स्क्वायरला भेटली तेव्हा त्याने चूक मान्य केली. दोघांची जवळीक आधीच फार वाढली आहे हे जाणवल्यामुळे आपण मोठ्या पेचात पडलो होतो, अशा अर्थाचे त्याचे बोलणे कारकुनाने टिपून ठेवले आहे. माझ्या मते सगळ्या दस्तांत हा माणूस सर्वांत जवळ येतो तो इथे. मुलगी, तिची अवस्था, लोक काय म्हणतील आणि सभा काय म्हणेल, हे सगळे एका बापाच्या तोंडून दोन ओळींत आले आहे.

पाच वर्षांनी मुलगा इस्रायल याने तेच केले आणि या वेळी बाप नमला नाही. १७४७ च्या अखेरीस भेटायला आलेल्यांना त्याने सांगितले की आपल्याला यात अपराध दिसत नाही, आणि तो दिसेपर्यंत आपण त्याचा निषेध करणार नाही. पुढच्या वर्षी सभेने त्याचे सदस्यत्व काढून घेतले. आपल्याकडच्या वाळीत टाकण्याशी याची गल्लत करू नये. त्याच्याशी व्यवहार बंद झाला नाही, उपासनेला येऊन बसायला मनाई नव्हती. कामकाजाच्या सभेत मात्र त्याला स्थान उरले नाही. पत्नी सारा हिचे सदस्यत्व कायम राहिले. क्वेकर स्त्रियांची सभा स्वतंत्र भरे आणि स्त्री स्वतःच्या नावाने सदस्य असे, त्यामुळे साराचे अस्तित्व नवऱ्याच्या नोंदीत विरघळून जात नाही. १७५० मध्ये कुटुंब स्थलांतर करणार असल्याने दाखला मिळावा म्हणून सभेकडे विनंती आली, ती तिच्यासाठी.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्क्वायरने घरासह १५८ एकर जमीन आपल्या आजोळकडच्या नात्यातल्या विल्यम मॉग्रिज याला विकली. हा मॉग्रिज म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनच्या तरुणपणीच्या जुंटो या चर्चामंडळातला सुतार. मग १ मे १७५० रोजी बून कुटुंब दक्षिणेकडे निघाले, हे जेम्सने नोंदवून ठेवले आहे.

इतके सगळे समोर असताना सभेने काढले म्हणून तो गेला, हा निष्कर्ष चटकन निघतो, आणि तो फार लोकप्रिय आहे. केवळ वह्या वाचणाऱ्याला दुसरा सुचणारही नाही. परंतु सदस्यत्व गेले १७४८ मध्ये आणि घर सोडले १७५० मध्ये. मधली दोन वर्षे तो त्याच शेजाऱ्यांत, त्याच भावंडांत नांदत होता. त्याला अकरा मुले होती, त्यांतले सात मुलगे. १५८ एकर सात जणांत वाटले तर प्रत्येकाला तेवीस एकरही येत नाहीत, आणि खत न घालता एकाच रानात वर्षानुवर्षे धान्य घेणाऱ्या त्या काळच्या शेतीत तेवढ्यावर संसार चालत नसे. उलट बून जिथे गेले त्या उत्तर कॅरोलायनात लॉर्ड ग्रॅनव्हिल या बड्या इंग्रज जमीनमालकाच्या मुलखात जमीन विपुल होती. १७५३ साली स्क्वायरला तिथे ६४० एकरांचे दोन तुकडे मिळाले, म्हणजे विकून आलेल्या शेताच्या आठपट. सभेशी झालेल्या भांडणाने निघणे सोपे केले असेल, हे मी नाकारत नाही. निघायला लावले ते जमिनीच्या हिशेबाने, असे माझे मत आहे.

नव्या मुलखात त्याची नोंद न्यायालयात सापडते. १७५३ मध्येच रोवन परगणा स्थापन झाला आणि त्याच्या पहिल्या न्यायाधीशांत स्क्वायर बून होता. पाच वर्षांपूर्वी ज्याला सभेच्या कामकाजात बसता येत नव्हते, तो आता शेजाऱ्यांचे तंटे ऐकत होता. २ जानेवारी १७६५ रोजी तो वारला. मॉक्सव्हिल इथल्या जॉप्पा दफनभूमीत त्याचा दगड आहे, त्यावरचे स्पेलिंग कोरणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे असले तरी वयाचे एकोणसत्तरावे वर्ष चालू होते हे त्यावरून कळते, आणि ते जेम्सने दिलेल्या जन्मतारखेशी तंतोतंत जुळते. क्वेकरांना थडग्यावर दगड लावणे पसंत नव्हते. एक्झेटरला पुरलेल्या जॉर्ज बूनच्या जागेवर तो नाही. तेव्हा स्क्वायरच्या वयाची पडताळणी आपल्याला करता येते, ती तो क्वेकर राहिला नाही म्हणून.

जमिनीबद्दलच्या माझ्या मताला सर्वांत मोठा आधार १७५९ च्या दस्तांचा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात स्क्वायर आणि सारा यांनी ६४० एकरांचा एक तुकडा डॅनियलच्या आणि दुसरा धाकट्या स्क्वायरच्या नावे करून दिला. डॅनियलच्या खतात किंमत ५० पौंड लिहिली आहे. मुलांना जमीन मिळावी म्हणून बाप पेनसिल्व्हेनिया सोडून आला, हे या दोन खतांवरून मला तरी पुरेसे स्पष्ट दिसते. डॅनियलला शेतीत रस नव्हता. त्याने आपला वाटा काही वर्षांतच विकून टाकला.