माळ्यावरचा नूडल

लेकीचा पोहण्याचा क्लास मे महिन्यातच संपला. तेव्हापासून पाण्यात तरंगायला धरतात तो फोमचा पिवळा, लांबलचक, मधून पोकळ नूडल माळ्यावरून खाली डोकावत होता. आज टाकूनच देणार होते, तेवढ्यात वाऱ्याने बेडरूमचं दार धाडकन आपटलं आणि सासूबाई दचकून उठल्या. दुपारची झोप गेली म्हणजे पुढे काय होतं ते सांगायला नको!

मग बसले सुरी घेऊन. साध्या सुरीने फोम नुसता दबतो, कडा फाटक्या येतात. पाव कापायची दातेरी सुरी घेतली आणि लोण्यासारखा कापला गेला. वीतभर तुकडा, एका बाजूने मधल्या भोकापर्यंत उभी चीर, आणि दाराच्या कडेवर वरच्या बाजूला घट्ट बसवला. आता दार आपटतच नाही, फुसकन थांबतं. (फक्त कडी लागत नाही, हे नंतर कळलं. झोपताना काढायचा.)

मग हात शिवशिवायला लागले. एक तुकडा पलंगाच्या लोखंडी कोपऱ्याला. एक हँगरच्या दांडीवर, पँटवर आडवी घडी पडू नये म्हणून. पाणी शोषत नाही, म्हणून एक बाल्कनीतल्या ग्रिलच्या टोकाला. नवऱ्याने आपणहून दोन तुकडे पार्किंगच्या खांबावर लावून घेतले. मागच्याच महिन्यात गाडीचं दार तिथे घासलंय, कुणी घासलं ते मी इथे लिहिणार नाही. स्वयंपाकघरात मात्र एकही नाही, फोम पेट घेतो.

संध्याकाळी लेक आली. दाराकडे बघून म्हणाली, "आई, माझा नूडल कुठंय?"