अंधारातले दोन डोळे: बुशबेबी, पोटो की आणखी कोणी?

आफ्रिकेच्या जंगलात रात्री झाडावर नारिंगी डोळे चमकले की बहुतेक जण 'बुशबेबी' म्हणून मोकळे होतात. बुशबेबी आणि पोटो हे दोघेही माकडांच्या दूरच्या नात्यातले छोटे निशाचर प्राणी. पण पोटोचे डोळेही तसेच चमकतात. म्हणून नुसत्या चमकेवर जाऊ नका, ती हलते कशी ते बघा. या फांदीवरून त्या फांदीवर टुणकन गेली तर बुशबेबी, म्हणजे गॅलॅगो. हळूहळू, एकेक पाय उचलत सरकली तर पोटो. तो उडी मारतच नाही.

टॉर्च कपाळाजवळ धरा. डोळ्यांवरून परतणारा प्रकाश टॉर्चच्याच दिशेने येतो, त्यामुळे टॉर्च कमरेशी असेल तर समोर बसलेला प्राणीही निसटतो. तो सापडला की लाल फिल्टर लावा. पांढऱ्या झोतात तो तोंड फिरवतो आणि चमक विझते. अंगाच्या रंगावर विश्वास ठेवू नका. टॉर्चमध्ये राखाडी आणि तपकिरी सारखेच दिसतात.

मग शेपूट. गॅलॅगोचे शेपूट अंगापेक्षा लांब असते, पोटोचे म्हणजे आखूड खुंट आणि पोटोच्याच नात्यातल्या अँगवांटिबोला ते जवळजवळ नसतेच. वृक्ष-हायरॅक्स हा झाडावर राहणारा केसाळ सस्तन प्राणीही बिनशेपटीचा, पण तो दोन-तीन किलोंचा ऐवज असतो आणि रात्री कर्कश किंचाळतो. लांब शेपटीवर कडी दिसली तर ते जेनेट, म्हणजे मांजरासारखा दिसणारा सडपातळ प्राणी.

कानांपाशी खूप जण फसतात. गॅलॅगो आपले मोठे, पातळ कान घडी घालून मागे मिटतो, तेव्हा डोके पोटोसारखे गोल दिसते. दोन मिनिटे थांबा. जरा खसफस झाली की कान उघडतात, तेही एकेक वेगवेगळा वळतो. हात स्पष्ट दिसला तर प्रश्नच मिटतो: पोटोची तर्जनी म्हणजे नुसती गाठ.

उडीच्या नियमाला मोठा अपवाद जाड शेपटीच्या गॅलॅगोचा. हा किलोभराहून जड प्राणी फांदीवर बऱ्याचदा चार पायांवर चालतो. तिथे ओळखायला झुपकेदार शेपूटच कामी येते. उलट डेमिडॉफचा गॅलॅगो जेमतेम 60-70 ग्रॅमचा, त्याला उंदीर समजून लोक पुढे जातात.

जागाही लक्षात घ्या. पोटो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, पूर्वेला केनियाच्या काकामेगा जंगलापर्यंत. दक्षिण आफ्रिकेत तो नाही. मादागास्करमध्ये गॅलॅगोच नाहीत, तिथे दिसतात ते लेमूर.

टांझानियाच्या किनारी जंगलांतले बुटके गॅलॅगो मात्र नुसते बघून ओळखू येत नाहीत. त्यांची हाक रेकॉर्ड करा, आणि पहिल्या आवाजानंतर लगेच बंद करू नका. प्रजात ठरते ती हाकेच्या पूर्ण लयीवरून.