तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्ही गेमची बंदूक आता का चालत नाही?

दिवाळीची साफसफाई निघाली की हा प्रश्न मला हमखास येतो. माळ्यावरून जुना टीव्ही गेम खाली उतरतो. पिवळी-पांढरी वायर नव्या एलईडी टीव्हीला कशीबशी जोडली जाते. मारिओ पळतो, कॉन्ट्रा चालतो, सगळे खूश. मग कोणीतरी हौसेनं बदकांचा गेम लावतं. नेम धरला, चाप ओढला, पडदा लुकलुकला, आणि बदक मजेत उडून गेलं. की लगेच मला फोन: "बंदूक गेली वाटतं हो. दुरुस्त होईल का?"

टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून लोक मला विचारतात. माझं उत्तर त्यांना आवडत नाही. बंदूक बहुधा ठणठणीत असते. गेलाय तो तुमचा जुना टीव्ही, आणि त्याच्याबरोबर अर्धी बंदूक गेली.

हे पटायचं असेल तर आधी एक समजूत डोक्यातून काढावी लागते. लहानपणी आपण सगळे धरून चाललो होतो की बंदुकीतून काहीतरी निघतं, डोळ्यांना न दिसणारा कसला तरी किरण, आणि तो काचेवर जाऊन आपटतो. या बंदुकीतून काहीही निघत नाही. ती फक्त बघते. उजेड टीव्हीतून निघतो आणि नळीतून आत शिरतो.

गंमत म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या पहिल्या बंदुका खरोखरच उजेड फेकायच्या. १९७० साली जपानमध्ये त्यांनी एक खेळणं काढलं होतं. त्यात बंदुकीतून प्रकाश निघायचा आणि निशाणावर बसवलेल्या सोलर सेलवर पडला की निशाण उडायचं. ते सेल शार्प कंपनीचे. ते निन्टेन्डोच्या गळ्यात मारायला शार्पतर्फे यायचे त्यांचं नाव मासायुकी उएमुरा. पुढे ते निन्टेन्डोतच नोकरीला लागले आणि जुलै १९८३ मध्ये आलेल्या फॅमिकॉमचं, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमचं, यंत्र त्यांच्याच हाताखाली घडलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात नाना नावांनी जे टीव्ही गेम घरोघरी आले, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या तैवान-चीनकडच्या नकला. उघडून पाहिलात तर आत बऱ्याचदा चिप दिसतच नाही, काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसतो. त्याच्याखाली सगळा संसार. (कॅसेटवरच्या "९९९९ इन १" चं म्हणाल तर खरे गेम मोजकेच. बाकी तेच गेम, कुठे तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे जास्त जीव देऊन.)

तर १९७० च्या खेळण्यात निशाण बघायचं आणि बंदूक उजेड फेकायची. टीव्हीवर हे उलटं करणं भागच होतं, कारण लोकांच्या घरातल्या टीव्हीच्या काचेत सेल बसवायला कोण जाणार? म्हणून सेन्सर बंदुकीत गेला आणि उजेड पाडायचं काम टीव्हीकडे आलं.

बंदूक उघडली की तोंडाशी प्लॅस्टिकचं छोटं भिंग दिसतं. त्याच्या मागे नळीत खोलवर एक प्रकाश ओळखणारा सेन्सर, त्याला लागून बोटभर सर्किट. चापाला स्प्रिंग, त्याचाच तो खणखणीत टक्‌ आवाज. मूळ निन्टेन्डोच्या बंदुकीच्या मुठीत वजन यावं म्हणून लोखंडाचा तुकडा घातलेला असायचा. आपल्याकडच्या नकलांत तो वाचवलेला, त्यामुळे त्या हातात पोकळ लागतात. बस्स, एवढंच. नेम कुठे धरलाय हे सांगणारं आत काहीही नाही. टीव्ही गेमच्या डब्याकडे बंदुकीतून दोनच बातम्या जातात: चाप ओढला की नाही, आणि उजेड दिसतोय की नाही.

डब्याची ताकदही बेताचीच. प्रोसेसर पावणेदोन मेगाहर्ट्झच्या आसपास, चालू कामाची मेमरी २ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक साधा फोटो याच्या हजारपटीनं मोठा. एवढ्या भांडवलात नेमाचा हिशेब कसा करायचा? त्यांनी काढलेला उपाय मला आजही आवडतो.

चाप ओढला की गेम अख्खा पडदा क्षणभर काळा करतो. बंदुकीला विचारतो, उजेड दिसतो का? आता "नाही" हेच उत्तर यायला हवं. "हो" आलं तर नेम टीव्हीवर नाहीच, कुठल्यातरी दिव्यावर आहे. मग पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, बाकी सगळं काळं. आता उजेड दिसला तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर पहिल्याचा चौकोन एका चित्रात आणि दुसऱ्याचा त्याच्यानंतरच्या. उजेड कोणत्या वेळी आला यावरून कोणतं बदक ते कळतं. म्हणजे नेमाची जागा मोजायचीच नाही, फक्त वेळ बघायची. सेकंदाला पन्नास-साठ चित्रं, त्यामुळे आपल्याला नुसती एक उचकी लागल्यासारखी दिसते. फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करून पाहा, चौकोन सुटे दिसतात.

इथपर्यंत एलईडी टीव्हीचं काही बिघडलेलं नाही. काळा पडदा तोही दाखवतो, पांढरा चौकोनही दाखवतो. घोडं अडतं पुढे, तेही दोन ठिकाणी.

पहिली भानगड उशिराची. जुन्या डबा टीव्हीत सिग्नल आला की तो त्याच क्षणी पिक्चर ट्यूबवर उमटायचा, मध्ये थांबायला जागाच नव्हती. नवा टीव्ही तो सिग्नल आधी डिजिटल करतो, ताणून मोठा करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. मध्ये जुन्या वायरचा सिग्नल नव्या टीव्हीसाठी बदलणारी एवी टू एचडीएमआयची डबी लावली असेल तर आणखी एक टप्पा. या सगळ्यात दोन-चार चित्रांचा वेळ सहज जातो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत गेमनं विचारून, "नाही" ऐकून बदक सोडूनही दिलेलं असतं.

यावर लोक हुशारीनं म्हणतात, आमच्या टीव्हीत गेम मोड आहे. लावा, उशीर कमी होईल. दुसरी भानगड त्यानं सुटत नाही.

ती अशी की पिक्चर ट्यूबवर पूर्ण चित्र एका वेळी कधीच नसतं. एक झोत डावीकडून उजवीकडे ओळ काढतो, मग खालची, मग तिच्या खालची. सेकंदाला साडेपंधरा हजारांहून जास्त ओळी. झोत पुढे गेला की मागचा उजेड लगेच मावळायला लागतो. त्यामुळे बंदुकीला पांढरा चौकोन सलग पांढरा दिसतच नाही, एकेका ओळीबरोबर लखलख होताना दिसतो. आणि बनवणाऱ्यांनी सर्किटमध्ये फिल्टर टाकला तो नेमका याच वेगाचा. साडेपंधरा हजारांच्या आसपास लखलखणारा उजेड तेवढा खरा, बाकी ट्यूबलाइट, बल्ब, खिडकीतलं ऊन सगळं खोटं. (डबा टीव्ही चालू असताना एक बारीक शीळ ऐकू यायची, आठवतं? पोरांना यायची, आजोबांना नाही. ती याच ओळींची.)

एलईडी टीव्हीत झोत नाही, लखलख नाही. मागचा दिवा आपला शांतपणे जळतोय आणि पुढची काच उजेड अडवते किंवा सोडते. माणसाच्या डोळ्याला ते बरंच, पण बंदुकीच्या लेखी तो खिडकीतल्या उन्हासारखाच. ती त्याला मोजतच नाही. काही स्वस्त नकलांत हा फिल्टर यथातथाच असतो, पण तिथे पुन्हा उशीर आडवा येतो.

तेव्हा दुरुस्तीला पैसे घालवण्याआधी एवढं बघा. चाप ओढल्यावर पडदा लुकलुकतो? म्हणजे चाप, वायर, डबा सगळं जागेवर आहे. तरी खात्री हवी असेल तर कोणाकडे तरी पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधा. ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबलही चालेल, बंदुकीला रंगाशी देणंघेणं नाही. ब्राइटनेस वाढवा आणि फार लांब बसू नका. भंगारात असा टीव्ही मिळाला तर जरूर घ्या, पण बंद पडला तर स्वतः मागचं झाकण काढू नका. प्लग काढल्यावरही रंगीत ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. या धंद्यात तो झटका न खाल्लेला माणूस विरळा.

नव्या टीव्हीवर चालणाऱ्या बंदुका निघाल्यात, नाही असं नाही. कॅमेरावाल्या आहेत, त्या पडद्याभोवतीची पांढरी चौकट बघून नेम काढतात. त्या कॉम्प्युटरला लागतात, तुमच्या डब्याला नाही. निन्टेन्डोनंही हा गेम पुढे वी यू या यंत्रावर पुन्हा विकला, तेव्हा तो वी या त्यांच्याच आधीच्या यंत्राच्या रिमोटनं खेळायचा केला. त्या रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड बघणारा कॅमेरा असतो आणि टीव्हीपाशी ठेवलेल्या पट्टीतल्या दोन उजेडांवरून त्याला कळतं आपण कुठे रोखलंय. टीव्ही कोणता, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आणि टीव्ही गेम काढलाच आहे, घरात पोरं हट्ट धरून बसलीत, तर एक करा. एका बदकाच्या खेळात, म्हणजे गेम ए मध्ये, पहिल्या पोर्टला लावलेल्या साध्या रिमोटनं बदक हवं तिकडे उडवता येतं. हे आपल्याकडे फार जणांना माहीत नव्हतं, कारण कॅसेटबरोबर माहितीपुस्तक कधी आलंच नाही. एलईडीवर तर बदक उडवणाऱ्याला मरणाची भीतीच नाही. गेममधला कुत्रा तेवढा दर वेळी गवतातून वर येऊन हसेल, त्याला इलाज नाही.