माळ्यावरचं घंगाळ

बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या वन बीएचकेत जायचं ठरलं आणि माळा रिकामा करणं आलं. डोंबिवलीत एकाच घरात ३२ वर्षं काढल्यावर माळ्यावर काय असतं ते सांगायला नको. श्रीखंडाचे ५७ डबे निघाले. मोजले, कारण ह्यांचा विश्वास बसेना. झाकणं ३१.

योगाच्या वर्गात गेली सहा वर्षं यम, म्हणजे योगातली पाच पथ्यं, घोकतेय. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. शेवटचा मला सगळ्यात सोपा वाटायचा. आमच्याकडे आहेच काय जमवण्यासारखं! बाईंनी एकदा योगसूत्रांवरच्या टीकेतलं, व्यासभाष्यातलं, सांगितलं होतं: वस्तू मिळवा, मग राखा, मग ती झिजते, तिच्यात जीव अडकतो, आणि या सगळ्यापायी हिंसा घडते. हे दोष दिसले की माणूस ती वस्तू घेतच नाही. स्टुलावर उभी होते तेव्हा ते पाचही दोष एकेक करून माझ्या डोक्यावर पडले. शालूत दरवर्षी डांबरगोळ्या घातल्या, तरी कसरीने घडीवरच खाल्ला. त्याच शालूच्या ट्रंकेसाठी पिंजरा लावून किती उंदीर मारले असतील, देव जाणे.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात म्हटलंय, अपरिग्रह पक्का झाला की मागच्यापुढच्या जन्मांचं ज्ञान होतं. मला याच जन्मातल्या २६ झाकणांचा पत्ता लागत नव्हता.

साड्यांसाठी बोहारणीला हाक मारली. अकरा साड्या आणि चार पँटी दिल्या, एक स्टीलचं पातेलं घेतलं. घासाघीस करून वर एक गाळणंही उपटलं. ह्यांनी पेपर खाली केला. "माळा रिकामा करतेयस ना?"

पितळेची कळशी, परात, दोन पातेली मोडीत घातली. भांडेवाल्याने घट धरली, तीही मी मुकाट्याने सोसली. अडलं ते सासूबाईंच्या तांब्याच्या घंगाळापाशी. दोन बाजूंना पितळी कड्या, काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं त्यांचं नाव. माझ्या पहिल्या दिवाळीला पहाटे त्यांनी त्यातल्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं होतं, मग मला म्हणाल्या, "बस आता पाटावर." एरवी मायेचं फार बोलणाऱ्या नव्हत्या. ते घंगाळ मोडीत कसं घालणार?

शेवटी नणंदेच्या सुनेला दिलं. बदलापूरला तिचं अंगणाचं घर आहे. देताना मोठ्या मनाने म्हटलं, "तुझंच आहे आता, काय हवं ते कर." आणि पुढच्या महिन्याभरात तीन फोन केले. चिंच लावून घासतेस ना? ओलं ठेवू नकोस, डाग पडतात. कडी ढिली आहे, जपून उचल. ती बिचारी दर वेळी "हो मामी" म्हणाली.

संक्रांतीला वाण द्यायला गेले तर घंगाळ अंगणात, पायरीशेजारी. आत माती, मातीत गवती चहा. काठ हिरवा पडलेला, नावातलं एक अक्षर चिखलाने बुजलेलं.

"पाणी साचत होतं मामी, म्हणून तळाला तीन भोकं पाडून घेतली. चाललं ना?"

मी वाकले. अक्षरावरची माती नखाने काढायला बोट पुढे गेलं होतं. ते तसंच वळवून गवती चहाची दोन पाती तोडली आणि तिच्या हातात दिली.

"चहात घाल," म्हटलं. "साखर कमी."