कोलंबोच्या पलीकडचे पीटर फॉक

अमेरिकी अभिनेते पीटर फॉक यांचे नाव निघाले की चुरगळलेला रेनकोट, हातातला सिगार आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा मागे वळणारा, 'कोलंबो' या दूरचित्रवाणी मालिकेतला पोलीस अधिकारी लेफ्टनंट कोलंबो एवढेच बहुतेकांना आठवते. माझ्या मते त्यांचा सर्वांत अवघड अभिनय मात्र या मालिकेत नाही.

१९२७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या फॉक यांचा उजवा डोळा वयाच्या तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे काढावा लागला. लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेऊन कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात ते नोकरी करत होते, आणि ती सोडून अभिनयाकडे वळले तेव्हा ते तिशीला टेकले होते. १९६० च्या 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड'मधील भाडोत्री मारेकऱ्यासाठी आणि पुढच्याच वर्षी 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स'साठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी निर्माण केलेला कोलंबो फॉक यांनी १९६८ मध्ये प्रथम साकारला, आणि १९७१ पासून एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर त्याची नियमित मालिका सुरू झाली. खून कोणी व कसा केला हे या मालिकेत बहुधा सुरुवातीलाच दाखवले जात असल्याने रहस्य असे फारसे उरत नाही. लॉस एंजेलिसमधला श्रीमंत, सुशिक्षित खुनी आणि त्याला वेंधळा वाटणारा हा पोलीस यांच्या समोरासमोरच्या संभाषणावरच सारा भाग तोलून धरावा लागतो. फॉक यांनी तो रेनकोट स्वतःच्या कपाटातून आणला होता, आणि समोरचा कलाकार खरोखरच गोंधळावा म्हणून संहितेत नसलेल्या बारीकसारीक गोष्टी ते आयत्या वेळी घुसडत.

त्याच काळात दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिस यांच्याशी त्यांचे सूर जुळले होते. 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) या चित्रपटात फॉक यांनी स्वतःचे पैसे घातले आणि निक हा कामगारांचा मुकादम रंगवला. पत्नी मेबलवर त्याचे मनापासून प्रेम आहे, तिचे मन ढासळत चालल्याचे त्याला दिसते, तरीही तो तिच्यावर ओरडतो, हात उगारतो. जीना रोलंड्स यांच्या मेबलचे कौतुक झाले ते योग्यच होते, परंतु आपण काय करत आहोत हे न कळणारा हा नवरा तिच्यासमोर उभा नसता, तर तिची घुसमट इतकी जाणवली नसती. कोलंबो सगळे जाणून अजाणतेपण पांघरतो. निकला काहीच उमगत नाही आणि तो सगळे कळत असल्याच्या आवेशात वागतो.

१९८९ ते २००३ या काळात एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर आलेले कोलंबोचे भाग एकंदरीत संथ आणि फिके आहेत. त्यांतला अभिनेते पॅट्रिक मॅक्गूहन यांच्यासोबतचा 'अजेंडा फॉर मर्डर' मात्र जरूर पाहावा. १९९० मध्ये त्यासाठी त्या दोघांनाही एमी हे दूरचित्रवाणीचे पारितोषिक मिळाले.